लाल पट्टी असेल ती बाजू

“चाचांना सुई दिसत न्हाई आता,” मामा म्हणाले. “काल दोरा ओवायला बसले, तर चहा येऊन गार झाला.”

“मग सांगा की त्यांना तसं.”

“मी? मला टाका मारायला त्यांनी शिकवलं. तूच सांग.”

“मला न्हाई शिकवलं म्हणून वाईट मी व्हायचं व्हय?” मामी म्हणाल्या आणि खळीचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं.

मी चार हातांवर, कागदांच्या गठ्ठ्यांमागे बसले होते. मी तिथे आहे हे दोघांनाही माहीत होतं. पण मी फारशी बोलत नसे, आणि जे बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असा आमच्या आजोळी सगळ्यांचाच समज होता. त्या समजामुळे मला लहानपणापासून बरंच काही फुकट ऐकायला मिळालं आहे.

“कचेरीचं हे काम हातावेगळं झालं की घरी बसवू त्यांना,” मामा शेवटी म्हणाले. “सन्मानानं. शाल देऊ.”

“आधी सांगा तर. शाल मी आणते.”

तेवढ्यात चाचा दारात आले, आणि मामांनी त्यांना पान खाणार का असं विचारलं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. नांदेडला वडील रेल्वेच्या कचेरीत, शाळा कॉन्व्हेंटची, कॉलेजची परीक्षा नुकतीच संपलेली. मामांचं बाइंडिंगचं दुकान लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. पुढे एक लांबट खोली, मागे घर. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि गावाला त्याची अजून सवय व्हायची होती. जुन्या पाट्यांवर नवा रंग लागत होता, कालपर्यंत धान्य ठेवायचे त्या खोल्यांत साहेब बसत होते, आणि उस्मानाबादहून ट्रकांनी कागद येत होते. लातूरचे, पण इतकी वर्षं दुसऱ्या गावात राहिलेले कागद. जाड मांजरपाटात बांधलेले त्यांचे गठ्ठे. त्यांना बस्ते म्हणत. त्यातले चाळीसेक बस्ते शिवून, पुठ्ठा चढवून, कपाटात उभे राहतील असे करून देण्याचं काम मामांना मिळालं होतं.

साहेबांना पुठ्ठ्यावरची नावं इंग्रजीत हवी होती. मला नांदेडहून बोलावलं ते त्यासाठी. माझं अक्षर शाळेतल्या सिस्टरांनी छडी घेऊन वळवलेलं होतं. बस्त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचा नंबर आणि नाव बघायचं, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं इंग्रजीत काढायचं, आणि पुठ्ठ्यावर डकवायचं. मामी गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देत, “ही आमची भाची. इंग्रजीत गप्प बसते.”

चाचा मला मडमबेटी म्हणत. ते मामांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या दुकानात होते. निजामाच्या राज्यात, मिसरूड फुटण्याआधी, ते एका सरकारी छापखान्यात काम शिकले होते, आणि त्या काळाबद्दल ते रोज एक नवी थाप मारत. एकदा म्हणाले, त्यांच्या उस्तादानं एक किताब इतकी घट्ट बांधली की ती उघडायला दोन पैलवान बोलवावे लागले. दुसऱ्या दिवशी पैलवान तीन झाले. मी मान हलवून ऐकायची आणि मनात आकडा लिहून ठेवायची. मी निघेपर्यंत पैलवान पाच होतील असा माझा अंदाज होता.

पण खळ लावायला बसले की चाचा थाप मारत नसत. मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ती दोन बोटांत धरून उघडझाप करायचे, आणि तार किती लांब जाते ते पाहून “हौ” किंवा “नक्को” म्हणायचे. त्या वर्षी “नक्को” जास्त होतं. पाऊस दोन वर्षं रुसलेला. टँकर गल्लीच्या तोंडाशी दुपारी यायचा, आला तर, आणि मामी घरातलं पाणी तांब्यानं मोजून द्यायच्या. खळीला एक तांब्या जास्त हवा असला की चाचा म्हणत, “भाभी, माझा चहा कमी करा.” मामी म्हणत, “तुमचा चहा कमी केला तर तुम्ही माझ्याकडंच मागता.” उन्हात वाळायला ठेवलेले पुठ्ठे गल्लीतली एक शेळी येऊन चाटायची. चारा कुठेच नव्हता, आणि मैदा तो मैदा. मोरचुदाची चव लागली की तोंड वाकडं करून शिंकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. तिला हाकलण्याचं कामही हळूहळू माझ्याकडे आलं, कारण ते न बोलता करता येतं.

आता त्या पट्ट्यांबद्दल सांगायला हवं.

बस्ता सोडला की सुटी पानं निघत. ती ठोकून सारखी करायची, आणि एका कडेला टाके मारायचे. कोणत्या कडेला, हे चाचा ठरवत. ते पानं चाळत, मध्येच थांबून काहीतरी वाचत, स्वतःशी हसत, आणि ज्या कडेला शिवायचं त्या कडेत लाल कागदाची एक पट्टी खुपसून ठेवत. मग मामा टाके मारत, उरलेल्या तीन कडा मशीनवर कापत, मामी कापड आणि पुठ्ठा चढवत. दुकानाचा नियम असा की पट्टी बघायची, पान बघायचं नाही. मामांनी तो नियम पंचवीस वर्षं पाळला होता. कारणही होतं. एकाच बस्त्यात वर मराठी, मध्ये उर्दू, खाली शिक्के मारलेलं इंग्रजी असं काहीही निघे. नुसतं वरचं पान बघून शिवायला गेलं की फसलंच. त्यामुळे मामांनी डोकं चाचांकडे दिलं होतं आणि हात स्वतःकडे ठेवले होते.

चाचा पुतणीच्या लग्नाला तीन दिवस उदगीरला गेले. जाण्याआधी त्यांनी पंचवीसेक बस्त्यांत पट्ट्या घालून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. मामा-मामी घागरी घेऊन धावले. मी दुकानात एकटी. शेळी यायची होती. नावं लिहिता लिहिता माझं लक्ष त्या रांगेकडे गेलं, आणि दिसलं की बहुतेक गठ्ठ्यांच्या पट्ट्या डावीकडे आहेत, पण अकरांच्या उजवीकडे.

मला चाचांची दया आली. हे मी आजही शपथेवर सांगेन. मला वाटलं, झालं. आता सुईच काय, डावं-उजवंही दिसेनासं झालं. मामा येतील, अकरा गठ्ठे उलट्या बाजूनं शिवायला निघालेले बघतील, आणि शाल उद्याच येईल. पुस्तकाची पाठ डावीकडे असते. माझ्या सगळ्या पुस्तकांची होती. मी उठले, एकेक गठ्ठ्यातली पट्टी काढली, आणि उजवीकडून डावीकडे घातली. अगदी मधोमध, सरळ, सगळ्यांची सारखी. अकरा गठ्ठ्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्या पानांवर उर्दू होतं हे मला दिसत होतं. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते हेही मला माहीत होतं; नांदेडमध्ये वाढलेल्या कुणाला ते माहीत नसतं? पण ओळ उजवीकडून सुरू होत असेल तर अख्खं पुस्तकही उजवीकडूनच उघडणार, हा पुढचा विचार माझ्या सुशिक्षित डोक्यात आला नाही. त्या पानांच्या उजव्या कडेला बारीक भोकांची एक रांग होती. जुन्या टाक्यांची. मला ती कसरीनं पाडलेली वाटली. आणि मी जिथे बसून हे सगळं केलं, तिथे भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली चाचांचं उर्दू कॅलेंडर होतं, रोजचं एक पान असलेलं, वहीसारखं शिवलेलं. रोज सकाळी चाचा ते ज्या कडेनं उलटायचे, ते मी दोन आठवडे बघत होते.

मामा घागर घेऊन आले तेव्हा मी शांतपणे नावं लिहीत होते. कुणाचं तरी भलं केल्याचा आनंद, आणि तो कुणालाही न सांगण्याचा त्याहून मोठा आनंद. त्या दोन दिवसांत मी जितकी खूश होते तितकी परीक्षेत पहिली आले तेव्हाही नव्हते.

मामांनी पट्टी बघितली, पान बघितलं नाही. टाके बसले, कडा कापल्या, मामींनी खाकी कापड चढवलं, मी इंग्रजी नावं डकवली. चाचा परत आले त्या सकाळीच पहिली खेप हातगाडीवरून कचेरीत गेली होती. चाचांनी लग्नातलं जेवण सांगितलं. उदगीरला कसं कानडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी चारही भाषांत वाढपी “आणखी घ्या” म्हणतो आणि पाण्याचं मात्र कुठल्याच भाषेत विचारत नाही. मामी पोट धरून हसल्या. मामांनी सांगायची तयारी केली, घसा खाकरला, आणि विचारलं, “चाचा, पान?”

चार दिवसांनी कचेरीतले रेकॉर्डकीपर सायकलवरून आले. हे त्या रेकॉर्ड रूममधले उर्दू वाचणारे एकुलते एक गृहस्थ. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, बारीक अंगाचे, बोलणं अदबीचं. कॅरिअरला आमचं एक रजिस्टर बांधलेलं. त्यांनी ते सोडलं, टेबलावर ठेवलं, आणि मामांना म्हणाले,

“उघडा. उर्दू किताब उघडतात तसं, पाठ उजवीकडं ठेवून.”

मामांनी तसं उघडलं.

“हा निकाल आहे. पुढचं पान उलटा. हे पुरावे. आता पार शेवटी जा. ही तक्रार. काल साहेबांना वाचून दाखवत होतो. आधी निकाल लागला, मग साक्षीदार आले, आणि भांडण सगळ्यात शेवटी झालं. साहेब म्हणाले, आपल्या कचेरीत असं कामकाज चालू झालं तर लोक पेढे वाटतील.”

मामी हसल्या. मामांनी बघितल्यावर थांबल्या.

“हसा, हसा. आता हे बघा.” त्यांनी एका ओळीवरून बोट उजवीकडून डावीकडे नेलं, ते टाक्यांपाशी येऊन थांबलं. “जमीन किती, ते दिसतं. कुठल्या गावची, ते दिसतं. कुणाची, ते तुम्ही शिवून टाकलं. आणि जुन्या टाक्यांची भोकं होती ती कड, ती तर मशीनवर कापून टाकली. अशी अकरा रजिस्टरं हायत. नाव मात्र काय सुंदर काढलंय!” असं म्हणून त्यांनी माझ्या इंग्रजी अक्षरांवर टिचकी मारली. “शेवटच्या पानावर.”

मी शाईच्या बाटलीचं झाकण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं.

मामांचा चेहरा आधी पडला, आणि मग त्यात हळूच एक सुटकेची झाक आली. इतके दिवस त्यांना निमित्त मिळत नव्हतं. आता ते सायकलवर बसून घरी आलं होतं.

“चाचा,” ते म्हणाले. घसा न खाकरता. “पट्ट्या तुम्ही घातल्या होत्या.”

चाचा उठून टेबलाशी आले. रजिस्टर हातात घेतलं, नाकाशी नेलं, पाठीवरून अंगठा फिरवला. टाक्यांमध्ये लाल पट्टीचा तुकडा अडकून राहिला होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. ते पट्टी कायम वरच्या कोपऱ्यात घालायचे, हातानं फाडलेली, टोक दुमडलेलं. ही बरोबर मध्यावर होती, फुटपट्टीनं आखल्यासारखी.

त्यांनी मामांकडे पाहिलं. मामींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांची मिशी एका बाजूनं जराशी वर गेली.

“हौ मियाँ,” ते मामांना म्हणाले. “डोळे गेले माझे.”

रेकॉर्डकीपर चकित झाले. “अहो, तुम्ही? तुम्ही तर निजामाच्या वेळचे!”

“तेच तर. पोलिस ॲक्शन होऊन निजाम जाईपर्यंत सगळ्या किताबांची पाठ उजवीकडं. मग एकदम डावीकडं. आमच्या हातांना दोन वर्षं लागली वळायला. मी सुई घेऊन उजवीकडं जायचो, मालक हात धरून डावीकडं आणायचा. इतकी वर्षं लक्षात ठेवलं, आता गडबड झाली. बुढापा.”

हे त्यांनी मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर! पण मला त्यांनी फक्त पैलवान सांगितले होते.

मामा खाली बघत म्हणाले, “चाचा, मी काय म्हणतो, आता तुम्ही जरा घरी आराम करा. ही अकरा मी उसवून पुन्हा बांधतो. तुम्ही लई केलं आमच्यासाठी.”

“ठीक है,” चाचा म्हणाले. इतक्या सहज, की मामांना ते दोनदा ऐकावं लागलं.

आणि चाचा आपलं सामान गोळा करायला लागले. त्यांची जागा खिडकीखाली होती, बसून बसून गुळगुळीत झालेल्या एका पाटावर. तिथून ते एकेक वस्तू उचलायला लागले, आणि उचलताना अशी चाचपडायला लागले की दोन दिवसांत त्यांची दृष्टी साफ गेली असावी.

“मडमबेटी, हे काय हाय गं? दाभण हाय की टोच्या?”

दाभणच होतं. मी मान हलवली.

“मान हलवलीस का? दिसत न्हाई बेटी. आवाज दे जरा.”

मी पुन्हा मानच हलवली.

“बरं, राहू दे.” त्यांनी दाभण रुमालात ठेवलं. मग दोऱ्याचं रीळ. मग घडी दाबायची हाडाची पट्टी, जी त्यांना त्यांच्या उस्तादानं दिली होती. ती मात्र त्यांनी चाचपडत उचलली नाही. नुसती उचलली, अंगरख्याला पुसली, आणि क्षणभर तशीच हातात धरली. तेवढं नाटक नव्हतं. मला ते दिसलं.

मग पुन्हा सुरू झाले. उठून दोन्ही हात पुढे करून चालायला लागले आणि सरळ मामींना धडकले. “माफ करा, भाऊ.”

“भाऊ?” मामी म्हणाल्या. “चाचा, मी हाय!”

“आवाज भाभीसारखा हाय तुमचा, भाऊ.”

रेकॉर्डकीपरांनी तोंडावर हात धरला. मामा कळवळून म्हणाले, “अहो चाचा, मी रिक्षा आणतो. असं एकट्यानं जाऊ नका.” त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. त्या दुष्काळात आमच्या घरात एवढं पाणी बिनहिशेबी कुणी सांडलं नव्हतं.

“नक्को मियाँ. भिंत धरून जाईन.” चाचा माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. रुमालाची गाठ मारता मारता त्यांनी टेबलावरची एक कात्री उचलली, डोळ्यांसमोर धरली, मग माझ्यासमोर धरली. “एवढं सांग बेटी. ही कात्री माझी की दुसऱ्या कुणाची? कुणाची वस्तू चुकून उचलून नेली, असं नको व्हायला. ज्याचं त्यानं आपलं म्हणावं. म्हणजे मी निघालो.”

ते थांबले. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते, आणि ते अगदी नीट बघत होते. त्यात राग नव्हता. शाळेत फळ्यावर बोलावून सिस्टर जशी वाट बघायची, आणि उत्तर मला येतं हे तिला माहीत असायचं, तसं काहीतरी होतं. फरक एवढाच की सिस्टरला त्यात इतकी मजा येत नसे.

मी मनात वाक्य जुळवलं. आधी इंग्रजीत जुळलं. सॉरीनं सुरू होणारं, लांबलचक, ज्यात मी कशी चांगल्या हेतूनं वगैरे. ते टाकलं. मराठीत जुळवायला गेले तर पहिलाच शब्द सापडेना. चाचा दोन पावलं पुढे गेले. दाराशी पोचले. बाहेर पुठ्ठे वाळत होते आणि शेळी आलेली होती. ती एक कोपरा चाटत होती आणि पहिल्यांदाच तिला कुणी हाकलत नव्हतं. चाचांनी उंबऱ्यावर एक पाय ठेवला, दुसरा उचलला, आणि तो तसाच अधांतरी धरून उभे राहिले. त्यांच्या वयाच्या माणसाला एका पायावर किती वेळ उभं राहता येतं हे मला माहीत नव्हतं. तोल जायला लागला होता. मामा धरायला धावले.

मी उठले. खुर्ची मागे पडली. दुकानातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मी तिथे असल्याचं आत्ताच कळल्यासारखं.

“मामा, पट्ट्या मी फिरवल्या,” मी म्हणाले. “चाचा उदगीरला होते तेव्हा. अकराच्या अकरा. त्यांनी बरोबर घातल्या होत्या, मलाच कळलं नाही. आणि चाचा, पाय खाली ठेवा. ती कात्री मामींची आहे.”